एका हाताने

कऱ्हाड सोडून साताऱ्याच्या दिशेने निघालेली एसटी महामार्गावरच्या एका हॉटेलासमोर थांबली. "दहा मिनिटं, चहापाणी करून घ्या," असं कंडक्टर नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाला आणि निम्मी गाडी चहाआधी मागच्या मुतारीकडे वळली. मुतारीबाहेरच्या भिंतीला एकच बेसिन, त्यावर दाबायचा नळ. वरची गोल टोपी दाबली की पाणी, हात उचलला की बंद. सहा-सात वर्षांचा एक पोरगा टाचा उंचावून उभा होता. एका हाताने त्याने टोपी दाबली, दुसरा धारेखाली धरला. मग दाबणारा हात काढून धारेखाली नेला, तर धारच गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला त्याने मागे वळून विचारलं, "आई, दाबायचं का धुवायचं?" आईच्या कडेवर धाकटं होतं आणि खांद्याला पिशवी. "असू दे, चल आता," ती म्हणाली. पोराने अर्धवट ओला हात चड्डीला पुसला आणि तिच्या मागे निघाला. रांगेत कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "खेड्यातल्या लोकांना हात धुवायची सवयच नाही बघा." मग पुढे होऊन त्यांनी एका बोटाने टोपी दाबली, तीन बोटांची टोकं ओली केली, तीच भांगावरून फिरवली आणि रुमाल काढला. त्यांच्यामागे मनगटाच्या वरपर्यंत पिवळ्याधमक हातांची एक बाई उभी होती. तिचा धक्का लागू नये म्हणून अंग चोरून ते बाजूला झाले. गाडीत चढल्यावर त्यांनी भडंगाचा पुडा फोडला.

नळाकडे कुणीच बघितलं नाही.

खरं तर दोष तिथेच होता. दाबायचे नळ दोन जातींचे असतात. एक साधा स्प्रिंगचा: दाबून धराल तेवढा वेळ पाणी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर तो शोभतो, कारण तिथे एका हातात पेला असतो आणि दुसरा हात रिकामा. दुसरा वेळेवर बंद होणारा. त्यात आतली दांडी दाबली की पाण्याची वाट उघडते आणि एका बारीक भोकातून मागच्या खणात हळूहळू पाणी भरत जातं. खण भरला की दांडी वर येते आणि धार थांबते. त्या बारीक भोकावर सगळा खेळ आहे. बोअरच्या जड पाण्यातला क्षार त्यात बसला की खण भरतच नाही आणि नळ वाहत राहतो. मग कुणीतरी वैतागून मुख्य कॉकच बंद करून टाकतो. उलट आतलं रबर झिजलं की पाणी बाजूने निसटून खण क्षणात भरतो आणि हात उचलायच्या आत धार गायब. दुरुस्ती फार मोठी नसते. नळ उघडून रबर बदलायचं, भोक सुईने मोकळं करायचं, दांडीला जरा ग्रीस लावायचं. पण 'नळ चालू आहे ना?' या प्रश्नाला 'चालू आहे' हेच उत्तर मिळत असल्यामुळे प्लंबरला बोलवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. शिवाय पाणी वाचवायचं म्हणून बेसिनवर सर्रास पहिल्या जातीचा स्वस्त नळ बसवतात. पाणी वाचतं, यात शंका नाही. हात धुतलेच जात नाहीत म्हटल्यावर वाचणारच.

हात धुणं हे मुळात दोन हातांचं काम आहे. एक हात दुसऱ्याला धुतो. बेसिनच्या आसपासची जी गोष्ट यातला एक हात अडकवून ठेवते, ती धुण्याचा बेत मोडते, मग धुणारा कितीही शिकलेला असो. बायकांच्या बाजूला भिंतीत साधी खुंटी नसते. पर्स दातात धरा, काखेत दाबा नाहीतर ओल्या कट्ट्यावर ठेवा. त्यापेक्षा बोटांवर पाणी फिरवून निघालेलं बरं वाटतं. बेसिन मोठ्या माणसाच्या कमरेच्या हिशेबाने साधारण ८० ते ८५ सेंटिमीटरवर बसवतात. पोराने बाही भिजू न देता तिथे हात न्यायचा कसा, हे बसवणाऱ्याच्या ध्यानात नसतं. बाहेर पडायचं दार आत ओढायचं असेल तर नुकताच धुतलेला हात त्याच मुठीला लागतो, जिला न धुणाऱ्यांचेही हात लागून गेलेले असतात. हेच दार बाहेर ढकलायचं केलं तर कोपराने भागतं. बिजागरी बसवताना घ्यायचा निर्णय आहे हा, वेगळा पैसा लागत नाही.

साबणाची कथा आणखी निराळी. वडी ठेवली तर ती खाचेतल्या पाण्यात बसून दोन दिवसांत लगदा होते, नाहीतर कुणाच्या तरी पिशवीतून पुढच्या गावाला जाते. जुन्या खानावळींतून वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाला टांगत. ही युक्ती अजूनही सगळ्यात पक्की आहे: वडी सुकते, चोरीला जात नाही, आणि जाळीमुळे फेसही लवकर येतो. पातळ साबणाच्या डब्यात पोऱ्या रोज सकाळी पाणी ओततो आणि आठवड्याभरात उरतो तो नुसता गुलाबी रंग. अशा वरचेवर भरल्या जाणाऱ्या, कधीच न धुतलेल्या डब्यात जंतू वाढतात, म्हणजे हात धुवायला गेलेला माणूस तिथून जंतू घेऊन परततो. त्यापेक्षा दीड लिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर हलवून झाकणाला खिळ्याने भोक पाडलं तरी काम होतं. ही पद्धत साध्या वस्त्यांमधून वापरून झालेली आहे. खर्च चहाच्या कपापेक्षा कमी. वासाची हौस मात्र भागत नाही.

आणि पाणी. जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येता येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं आणि हातावर चिकट साय उरते. तिकडचा माणूस साबण जास्त घासतो किंवा त्याचा नाद सोडतो. हाच माणूस साताऱ्यात कासच्या गोड्या पाण्याने हात धुतो तेव्हा साबण निघतच नाही म्हणून धार सोडून उभा राहतो आणि 'पाण्याची किंमत नाही यांना' असं ऐकून घेतो. धार गरम हवी असाही एक समज आहे. तसं काही नाही. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने जंतू मरत नाहीत. त्यांना निसटायला लावतो तो साबण आणि चोळणं. साबण तेलकट थराखाली शिरतो, मळ आणि जंतू कातडीवरून सुटे करतो, मग पाणी त्यांना घेऊन जातं. यातली कुठलीही एक पायरी गाळली की बाकीच्यांची बरीच मेहनत वाया.

चोळायचं किती, तर निदान वीस सेकंद. शाळेत 'सुमन-के' शिकवतात: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. हिंदीतलं असलं तरी चांगलं लक्षात राहतं. प्रत्यक्षात बेसिनसमोरचा माणूस पहिल्या अक्षरावरच थांबतो. तळव्याला तळवा घासला की झालं. राहून जातं ते नेमकं जिथे घाण असते ते: बोटांची टोकं, नखांखालची फट, अंगठ्याचं मूळ, अंगठीखालचं कातडं. अंगठा तर कायमचा उपाशी. दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून फिरवल्याशिवाय तो धुतला जात नाही, आणि एवढा वेळ अंगठ्याला कोण देतो! नखांसाठी बोटांची टोकं तळव्यावर गोल घासायची. आणि शेवटी हात कोरडे करायचे. ओला हात कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त जंतू इकडून तिकडे नेतो, म्हणून धुऊन झटकलेल्या हाताने लगेच दाराची मूठ धरली की बरीचशी कमाई तिथेच जाते. आपल्याकडच्या खांद्यावरच्या टॉवेलला बाहेरगावचे लोक हसतात, पण तो रोज धुतलेला असेल तर भिंतीवरच्या बंद पडलेल्या ड्रायरपेक्षा शंभर पटींनी बरा.

आपली एक गंमत आहे. आपण जेवणानंतर हात फार मन लावून धुतो. रश्श्याची तर्री बोटांच्या पेरांत गेलेली असते, लसणाचा वास असतो, नखं पिवळी झालेली असतात. मग साबण, लिंबाची फोड, गरम पाण्याची वाटी, सगळं लागतं. जेवणाआधी मात्र हात 'ओले' करतो. हाताला काही दिसत नाही, वास नाही, तर धुवायचं काय? २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ३५.८ टक्के घरांनी जेवणाआधी साबणाने हात धुतो असं सांगितलं आणि ६०.४ टक्क्यांनी नुसत्या पाण्याने. शौचाहून आल्यावर साबण वापरणारी घरं मात्र ७४.१ टक्के. हे झालं सांगितलेलं. बेसिनपाशी कुणी बघत उभं असलं की आकडा वाढतो आणि बघणारा गेला की उतरतो, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तेव्हा आकडे धरायचे ते जरा खालीच. पण त्यातून एक कळतं, आपण डोळ्यांना दिसणारी घाण धुतो. न दिसणाऱ्या घाणीसाठी आपल्याकडे दुसरंच माप आहे, आणि ते हाताऐवजी माणसाला लावतो.

त्या बाईचे पिवळे हात घ्या. फेब्रुवारी-मार्च म्हणजे सांगलीकडे हळदीचे दिवस. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. ती हळद हाताळणाऱ्या हातांना मात्र रंगामुळे 'कळकट' म्हणतात. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून कितीही धुतले तरी हात चार-सहा दिवस पिवळेच राहतात. साबण लावला तर फेस तांबूस होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्कात लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणावर. न जाणणाऱ्याला वाटतं, केवढा मळ निघाला! गॅरेजवाल्याचंही तसंच. त्याचे हात रॉकेल, भुसा आणि पावडर लावून दिवसातून चारदा घासले जातात, तरी रेषांमधलं काळं जात नाही. आणि बोटाला थुंकी लावून दिवसभर नोटा मोजणाऱ्याचे हात कसे गोरेगोमटे, शाईचा डागसुद्धा नाही.

जातीला, धर्माला, देशालाही आपण हेच माप लावतो. मिरजेत दर्ग्याजवळ कुणी वजू करताना दिसला तर बघावं: मनगटापर्यंत दोन्ही हात तीनदा, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, शेवटी पाय. दिवसातल्या पाच नमाजांसाठी. तरीही 'ते लोक' म्हणून नाक मुरडणारे त्याच रस्त्यावर भेटतात. परदेशी माणसाला आपण हाताने जेवतो हे किळसवाणं वाटतं. तो कागदाने भागवतो याची किळस आपल्याला. दोघेही आपापल्या बाजूने छातीठोक. यात जिंकण्यासारखं फार काही नाही, कारण दोघांनीही पुढे साबण लावला की नाही हा प्रश्न तसाच राहतो.

हात बघण्याऐवजी माणूस बघण्याची किंमत एकदा व्हिएन्नाने चुकवली आहे. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एक डॉक्टरांचा आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. एप्रिल १८४७ मध्ये तिथे शंभरातल्या अठरा बायका दगावल्या. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने ताडलं की शवविच्छेदन करून डॉक्टर थेट बाळंतिणीकडे येतात. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात बुडवून घासायची सक्ती केली आणि जूनमध्ये आकडा दोनाच्या जवळ आला. तो क्लोरीनचा चुना म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीचा टीसीएलच, ब्लीचिंग पावडर. पंचायतीचा माणूस हजार लिटरला पाच ग्रॅम घेऊन बादलीत कालवतो आणि वरचं निवळ तेवढं टाकीत सोडतो, तीच पावडर. सेमेलवाइसचं म्हणणं त्याच्या बिरादरीला पटलं नाही. त्याच सुमारास अमेरिकेतले बडे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांचं मत होतं की डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. कडक इस्त्रीचा शर्ट तिथूनही आला असेल.

आपल्याकडे नळ नव्हते तेव्हा दुसरा हात माणसाचा असे. पाहुणा आला की अंगणात तांब्या घेऊन कुणीतरी उभं राहायचं आणि त्याच्या हातावर पाणी घालायचं. चुलीतली राख वाटीत ठेवलेली. राख खरखरीत असते आणि क्षारयुक्त, म्हणून साबणाच्या जागी बरी चालते. अंगणातली माती मात्र वापरू नये, तिच्यात जंतांची अंडी असतात. पाणी घालणाऱ्याचा हात तांब्याला, धुणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे, भांड्याला कुणाचाही मळका हात लागत नाही, आणि बारीक धारेने अर्ध्या लिटरात सगळं आटोपतं. यापेक्षा चांगली रचना आजही सांगता यायची नाही. पाहुण्याला तो मान वाटे.

वरून पाणी घालायची हीच कृती याच मुलखात अपमानाचीही होती. भांड्याला स्पर्श होऊ नये म्हणून ओंजळीत उंचावरून धार. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या भीमराव आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवलं आहे की इतर मुलं मास्तरांना विचारून नळावर जात आणि पाणी पीत, पण त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने येऊन नळ उघडला तरच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव आणि घरातली इतर मुलं वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पुढच्या बैलगाडीच्या प्रवासात त्यांच्याजवळ डबा भरलेला होता, पण पिण्याजोगं पाणी कुणी दिलं नाही म्हणून तो तसाच राहिला. मसूर त्या हॉटेलापासून फार लांब नाही. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एकत्र राबू-जेवू लागली, तेव्हा बाकी काही होवो न होवो, नळ कुणी उघडायचा हा प्रश्न त्या आवारापुरता तरी मिटला असणार.

२०२० मध्ये ग्रामपंचायतींपुढे, बँकांपुढे, देवळांपुढे पायाने चालवायचे हात धुण्याचे स्टँड आले. डाव्या पायाच्या पट्टीने साबण, उजव्याने पाणी. दोन्ही हात मोकळे. चालीरीतीचं कुणी काही सांगितलं नाही, प्रबोधनपर गाणी वाजली नाहीत तिथेही म्हातारीकोतारी माणसं पाय दाबून नीट अंगठ्यासकट हात धुताना दिसत. मग पट्टीची केबल सैल झाली, साबणाची बाटली रिकामी झाली ती झाली, आणि आता त्या स्टँडवर कुठे सायकल टेकलेली असते, कुठे फडकी वाळत असतात. 'लोकांना सवय लागली नाही', असा निष्कर्ष त्यावरही निघाला.

सगळा दोष नळावर ढकलून माणूस सुटतो असंही नाही. चकचकीत बेसिन, भरलेला साबण, गरम-गार दोन्ही पाणी असलेल्या ठिकाणाहून हात न धुता निघून जाणारे कमी नाहीत, आणि त्यांना खेड्यातले म्हणता येत नाही. घाई असते, आळस असतो, 'मी कुठे काय धरलं' असा मनातला हिशेब असतो. त्या गृहस्थांच्या घरीही 'आधी हातपाय धुऊन ये' म्हणून उंबऱ्यावर अडवणारं कुणी असेलच. घरातलं ते वळण घरातच राहतं, बाहेरच्या बेसिनवर आपल्याला ओळखणारं कुणी नसतं. म्हणून त्यांच्याबद्दल राग येता येता जरा कमी होतो. पण ते अंग चोरणं विसरता येत नाही.

पुढचं घडलं ते गृहस्थ गाडीत जाऊन बसल्यावर. हळदीच्या हातांच्या बाईने निघालेल्या पोराला हाक मारली, "ये रे, मी दाबते, तू धू." तिने तळहाताने टोपी दाबून धरली. कमरेच्या पिशवीतून साबणाची झिजलेली चकती काढली, ती पोराच्या हातावर ठेवली. पोराने दोन्ही हात धारेखाली घातले आणि मनसोक्त धुतले, वीस सेकंदांच्या वर, अर्थात पाण्याशी खेळायला मिळालं म्हणून. मग आईने धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि काही न बोलता टोपीवर आपला हात ठेवला. बाईने चकती घेतली, बांगड्या वर सारल्या, एकेक अंगठा मुठीत धरून फिरवला. फेस आधी पिवळा, मग तांबूस झाला. पोरगा वाकून बघत होता.

"रगत आलं का गं?" त्याने विचारलं.

"हळद हाय," ती म्हणाली. तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला.